न्यूक्लिअर स्पिनची वजनं: मिथेनचं कोष्टक जुळत नाही, अमोनियात शून्य कुठून आलं?

बाष्परेषा (सोलापूर), प्रश्न

सोलापुरात आम्ही चार-पाच जण एमएस्सीच्या स्पेक्ट्रोस्कोपीसाठी वातावरणातल्या रेणूंचा तक्ता करतोय: रेणू, त्याच्या फिरण्याच्या पातळ्या आणि प्रत्येक पातळीचं न्यूक्लिअर स्पिनचं वजन, म्हणजे केंद्रकांच्या स्पिनमुळे त्या पातळीला किती अवस्था मिळतात तो आकडा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथे ढगबीजनाचे प्रयोग केले, तेव्हापासून बाष्प कुठल्या रेषांवरून मोजतात याचं इथे कुतूहल आहे, म्हणून सुरुवात पाण्यापासून केली. २२.२३५ आणि १८३.३१ गिगाहर्ट्झ या दोन रेषांतली कुठली ऑर्थो (वजन ३) आणि कुठली पॅरा (वजन १), हेही लिहायचंय.

आमची रीत अशी. रेणूचा पॉइंट ग्रुप घ्यायचा. प्रत्येक क्रियेने कुठला अणू कुठे जातो ते बघायचं, त्यावरून स्पिन-फंक्शनांचं कॅरेक्टर काढायचं, मग कॅरेक्टर टेबल वापरून ते इरेपांमध्ये, म्हणजे सिमेट्रीच्या मूळ प्रकारांमध्ये (ए१, ई, एफ२ वगैरे) फोडायचं. ज्या इरेपपुढे जो आकडा येईल तेच त्या पातळीचं वजन.

पाणी, सी२व्ही: ३ ए१ + १ बी२. इथे ३:१ जमलं.
अमोनिया, सी३व्ही: ४ ए१ + २ ई.
मिथेन, टीडी: ५ ए१ + १ ई + ३ एफ२.

पण छापील कोष्टकात मिथेनला ए१ ५, ए२ ५, ई २, एफ१ ३, एफ२ ३ दिलंय. आमच्याकडे ए२ आणि एफ१ ला शून्य, ई ला १. अमोनियाचं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं: कुठे ४:२, कुठे १२:६, कुठे काही पातळ्यांना थेट ०. बेरजा तीनदा तपासल्या, त्यात चूक नाही. मग चुकतंय कुठे? आणि बेंझीनला डी६एच च्या चोवीसच्या चोवीस क्रिया घ्याव्या लागतात का?

---

जेकार्ड

बेरजा बरोबर आहेत. पण पाणी जमलंय असं जे वाटतंय ते जमलेलं नाही. आकडे ३ आणि १ बरोबर, जागा उलटी. तुमच्या तक्त्याप्रमाणे पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीचं, म्हणजे ०(०,०) चं वजन ३ येतं. प्रत्यक्षात ती पॅरा आहे, वजन १. पहिली ऑर्थो पातळी १(०,१), ती २३.८ प्रति सेंटिमीटर वर. (बाहेरचा आकडा ‘जे’, म्हणजे एकूण फिरण्याचा. कंसातले ‘केए’ आणि ‘केसी’, म्हणजे त्याचे रेणूच्या ‘ए’ आणि ‘सी’ अक्षांवरचे भाग.) गंमत अशी की पाण्यातली चूक नजरेतून सुटली आणि तीच मिथेनमध्ये जाऊन बोलली.

तुम्ही काढलंय ते स्पिन-फंक्शनांचं वर्गीकरण. विचारायचं होतं ते वेगळंच: एखादी फिरण्याची पातळी कुठल्या स्पिन-फंक्शनांशी जोडी लावली तर एकूण वेव्हफंक्शन पाउलीच्या नियमात बसतं? अशी किती फंक्शनं मिळतात, ते वजन. हायड्रोजनचं केंद्रक फर्मिऑन, स्पिन अर्धा. दोन हायड्रोजनांची अदलाबदल केली की एकूण वेव्हफंक्शनचं चिन्ह बदललंच पाहिजे. दुहेरी विणीची चादर उलटवली की नक्षी तीच राहते आणि रंगांची अदलाबदल होते, तसं समजा. इथे रंगाऐवजी चिन्ह. मग पाण्यात अदलाबदलीखाली सम असलेल्या पातळीला विषम स्पिन हवं, ते एकच आहे. विषम पातळीला सम स्पिन हवं, ती तीन आहेत. म्हणून सम १, विषम ३.

पाण्याचा सी२ अक्ष ‘बी’ अक्षावर असतो, त्यामुळे तळाच्या कंपन-अवस्थेत सम-विषम ‘केए + केसी’ वरून ठरतं. २२.२३५ ची रेषा ६(१,६) आणि ५(२,३) यांच्यामधली. बेरजा ७ आणि ५, दोन्ही विषम, म्हणून ऑर्थो, वजन ३. १८३.३१ ची रेषा ३(१,३) आणि २(२,०) यांच्यामधली. बेरजा ४ आणि २, म्हणून पॅरा, वजन १. रेषेची दोन्ही टोकं एकाच जातीची यायला हवीत. एक टोक ऑर्थो आणि दुसरं पॅरा येत असेल तर पातळीची नोंद चुकली आहे असं खुशाल समजा. फॉर्माल्डिहाइडला हाच ‘केए + केसी’ चा नियम लावू नका. तिथे सी२ अक्ष ‘ए’ अक्षावर आहे, म्हणून फक्त ‘केए’ बघायचा: सम असेल तर १, विषम असेल तर ३.

आता मिथेन. इथे दुसरा घोळ आहे. पॉइंट ग्रुपमधल्या आरशासारख्या क्रिया, म्हणजे सिग्मा-डी आणि एस४, या निव्वळ अदलाबदली नाहीत. रेणू न मोडता त्या करायच्या तर केंद्रकांची अदलाबदल अधिक सगळ्या कणांचं अवकाशात उलटणं, असं दोन्ही मिळून करावं लागतं. या उलटण्याला ई-स्टार म्हणतात. स्पिनला ई-स्टार कळत नाही, स्पिनवर त्याचं चिन्ह नेहमी +. एकूण वेव्हफंक्शनला मात्र ई-स्टारखाली + किंवा − यांपैकी काहीही चालतं (हे चिन्ह म्हणजे पॅरिटी), त्यावर पाउलीचं बंधन नाही. म्हणून एकूण इरेप एक नसतो, दोन असतात. मिथेनमध्ये (२३)-स्टार, म्हणजे हायड्रोजन २ आणि ३ यांची अदलाबदल अधिक ई-स्टार, या क्रियेला अदलाबदलीचं −१ आणि पॅरिटीचं + किंवा − यांचा गुणाकार लागतो. पॅरिटी + असेल तर एकूण ए२, − असेल तर ए१. दोन्ही चालतात.

तुमचंच ५ ए१ + ई + ३ एफ२ घ्या आणि प्रत्येक पातळीशी गुणून बघा की गुणाकारात ए१ किंवा ए२ किती वेळा येतो.

ए१ पातळी: ५ वेळा ए१. वजन ५.
ए२ पातळी: ५ वेळा ए२. वजन ५.
ई पातळी: ई गुणिले ई मध्ये ए१ एकदा आणि ए२ एकदा. वजन २. तुमचा १ चा २ इथे झाला.
एफ२ पातळी: एफ२ गुणिले एफ२ मध्ये ए१ एकदा, अशा तीन प्रती. वजन ३.
एफ१ पातळी: एफ१ गुणिले एफ२ मध्ये ए२ एकदा, तीन प्रती. वजन ३.

ही वजनं (२जे+१) ने गुणायची आणि तिथेच थांबायचं. ई ची मिती २ आणि एफ ची ३ म्हणून आणखी एकदा गुणायचा मोह होतो. तो आवरा. ती मिती स्पिनशी जोडी लावताना खर्ची पडलेली आहे. ‘जे’=१ ही एफ१ पातळी: ३ × ३ = ९ अवस्था, २७ नव्हे. ‘जे’=२ मध्ये ई आणि एफ२: १० आणि १५.

अमोनियाचं शून्य कुणीतरी नीट लिहा की, तो भाग मोठा आहे.

---

हिप्परगा_काठ

अमोनिया मी घेतो. त्याआधी एक सोपी मांडणी देतो, म्हणजे गुणाकार फोडत बसावं लागणार नाही.

स्प्रेडशीट उघडा. एका ओळीत एक क्रिया-वर्ग. रकाने पाच: वर्गात क्रिया किती, त्या क्रियेचे सायकल कसे पडतात (कुठली केंद्रकं आपसात चक्राकार जागा बदलतात), स्पिनचं कॅरेक्टर, चिन्ह, शेवटच्या दोन्हींचा गुणाकार. कॅरेक्टर काढायला स्पिन-फंक्शनं लिहीत बसू नका. एका सायकलमधली सगळी केंद्रकं एकाच स्थितीत असतील तरच ते फंक्शन जागेवर राहतं, म्हणून प्रत्येक सायकलला (२आय+१) एकदाच येतो (‘आय’ म्हणजे केंद्रकाचं स्पिन). हायड्रोजनला २, ड्युटेरियम आणि नायट्रोजन-१४ ला ३, कार्बन-१२ आणि ऑक्सिजन-१६ ला १. न हललेलं केंद्रक म्हणजे एक लांबीचं सायकल, तेही धरायचं. ते विसरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चिन्ह फक्त फर्मिऑनांसाठी: सायकलची लांबी सम असेल तर −१, विषम असेल तर +१. बोसॉनांना, म्हणजे पूर्णांक स्पिनच्या केंद्रकांना, नेहमी +१.

हा चिन्हासकटचा रकाना पातळीच्या इरेपच्या कॅरेक्टरशी गुणा, वर्गातल्या क्रियांच्या संख्येने गुणा, बेरीज करा, ग्रुपच्या एकूण क्रियांनी भागा. क्रिया निव्वळ अदलाबदलीच्या असतील, म्हणजे एकीलाही स्टार नसेल, तर जे येईल ते थेट वजन. जोड्या लावायचं काम चिन्हाने आधीच केलेलं असतं. उत्तर पूर्णांक आलं नाही तर वर्गातल्या क्रियांची संख्या तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता अमोनिया. हा रेणू छत्रीसारखा उलटतो, नायट्रोजन तीन हायड्रोजनांच्या प्रतलातून आरपार जातो आणि ते फाटणं २४ गिगाहर्ट्झच्या आसपास स्वच्छ दिसतं. (१,१) ची रेषा २३.६९४, (३,३) ची २३.८७०. उलटणं शक्य आहे म्हटल्यावर (२३) ही स्टारशिवायची अदलाबदलही शक्य क्रियांमध्ये येते. त्यामुळे सी३व्ही अपुरा, ग्रुप डी३एच सारखा घ्यावा लागतो. त्यातला स्टार नसलेला अर्धा भाग:

जैसे थे, १ क्रिया, तीन एकेकटे: २×२×२ = ८, चिन्ह +, म्हणजे ८.
(१२३), २ क्रिया, तिनाचं एक सायकल: २, चिन्ह +, म्हणजे २.
(२३), ३ क्रिया, दोनाचं एक आणि एक एकटा: ४, चिन्ह −, म्हणजे −४.

ए१: (८ + ४ − १२) ÷ ६ = ०.
ए२: (८ + ४ + १२) ÷ ६ = ४.
ई: (१६ − ४ + ०) ÷ ६ = २.

हेच तुमचं शून्य. स्टारचा भाग जोडला की ए१-प्राइम आणि ए१-डबलप्राइम दोन्ही ०, ए२-प्राइम आणि ए२-डबलप्राइम दोन्ही ४, ई-प्राइम आणि ई-डबलप्राइम दोन्ही २. नायट्रोजन-१४ मोजलं तर सगळं तिप्पट: १२ आणि ६. म्हणजे ४:२ आणि १२:६ यांत भांडण नाही, एकात नायट्रोजन धरलाय आणि एकात सोडलाय.

या शून्याचा परिणाम दिसतो तो ‘के’=० ला (‘के’ म्हणजे ‘जे’ चा सिमेट्री-अक्षावरचा भाग). फिरण्याचा भाग ‘जे’ सम असेल तर ए१-प्राइम, विषम असेल तर ए२-प्राइम. उलटण्याची खालची अवस्था ए१-प्राइम, वरची ए२-डबलप्राइम. ‘जे’=० ला खालच्या अवस्थेचा गुणाकार ए१-प्राइम, वजन ०. वरच्या अवस्थेचा ए२-डबलप्राइम, वजन ४. म्हणजे अमोनियाची सगळ्यात खालची म्हणून जी पातळी आपण कागदावर काढतो ती निसर्गात नाहीच. ‘जे’=१ ला बरोबर उलट, खालची आहे आणि वरची नाही. दोन अर्ध्यांपैकी एकच उरल्यामुळे ‘के’=० ला उलटण्याची रेषा मिळत नाही. त्या दोन उरलेल्या पातळ्यांमधली फिरण्याची रेषा मात्र आहे, ५७२.५ गिगाहर्ट्झला.

तुम्ही सी३व्ही घेतला तो सपशेल चुकीचा नाही. मिथिल फ्लोराइड असतं तर चाललं असतं, कारण ते उलटत नाही. तिथे के=० ला ४, के ३ च्या पटीत असेल तर ४ + ४ = ८, बाकी ४, आणि फ्लोरिनमुळे सगळं दुप्पट. ग्रुप निवडताना रेणूचा आकार बघायचा नसतो. प्रयोगात दिसेल इतक्या वेगाने रेणूला स्वतःहून काय करता येतं ते बघायचं असतं. लाँगेट-हिगिन्स यांनी १९६३ मध्ये ही ‘शक्य क्रियां’ची कल्पना मांडली. इथेनच्या मिथिल टोकांचं फिरणं धरलं तर ३६ क्रिया लागतात, पाण्याच्या जोड-रेणूला १६.

बेंझीनला चोवीस नकोत. घट्ट रेणू असेल तर फक्त प्रत्यक्ष फिरवून करता येणाऱ्या क्रिया पुरतात. इथे बारा.

जैसे थे, १: +६४.
सी६, २: सहाचं सायकल, २, चिन्ह −: −२.
सी३, २: तिनाची दोन, ४, चिन्ह +: +४.
सी२, १: दोनाची तीन, ८, चिन्ह −: −८.
अणूंमधून जाणारे सी२, ३: दोन एकटे आणि दोनाची दोन, १६, चिन्ह +: +१६.
बंधांमधून जाणारे सी२, ३: दोनाची तीन, ८, चिन्ह −: −८.

यातून ए१ ७, ए२ ३, बी१ १३, बी२ १, ई१ ११, ई२ ९. (बी१ म्हणजे अणूंमधल्या अक्षांना +१ असलेला. पुस्तकागणिक बी१ आणि बी२ ची अदलाबदल होते, म्हणून आधी टेबलाचं डोकं वाचा.) ‘के’=० ला ‘जे’ सम असेल तर ७, विषम असेल तर ३.

जाता जाता: चिन्ह काढून टाकलं आणि ए१ मोजला तर १३ येतात. दोन रंगांचे सहा मणी ओवून बांगडी करायची, फिरवून आणि उलटवून सारख्या होणाऱ्या एकच धरायच्या, तर वेगळ्या बांगड्या तेराच होतात. हिशेब तोच आहे, मण्यांच्या जागी प्रोटॉन.

---

बाष्परेषा

दोघांचेही आभार. अमोनिया आणि बेंझीन शीटवर जमलं. ड्युटेरेटेड अमोनियाही करून बघितला: ए१ १०, ए२ १, ई ८.

आता तीन शंका. मिथेनला फक्त फिरवण्याच्या बारा क्रिया, म्हणजे ‘टी’ ग्रुप घेतला तर ए ५ आणि एफ ३ येतं, पण ई ला कुणी १ काढलं आणि कुणी २. दुसरी, अॅसिटिलीनच्या कार्बन-१३ च्या रूपांना सगळीकडे १:३ च लावायचं का? तिसरी, पुस्तक हाताशी नसताना आपली वजनं बरोबर आहेत हे पडताळायचं कसं?

---

भुईकोट

ड्युटेरेटेड अमोनिया बरोबर. १० + १ + २×८ = २७, म्हणजे तीनाचा घन. हाच पहिला पडताळा: निव्वळ अदलाबदलीच्या ग्रुपमध्ये वजन गुणिले मिती यांची बेरीज स्पिन-फंक्शनांच्या एकूण संख्येइतकी आली पाहिजे. बेंझीन: ७ + ३ + १३ + १ + २×११ + २×९ = ६४. स्टारसकट ग्रुप असेल तर दुप्पट. मिथेन, टीडी: ५ + ५ + २×२ + ३×३ + ३×३ = ३२, म्हणजे १६ ची दुप्पट. मितीने गुणायचं ते फक्त या पडताळ्यात. वजनात नाही, ते वर जेकार्ड यांनी सांगितलंच आहे.

‘टी’ मधला ई हा खरा दोन मितींचा इरेप नाही. एकमेकांचे कॉन्ज्युगेट असलेले दोन एक-मितीचे इरेप कंसात एकत्र लिहिलेले असतात. प्रत्येकाला (१६ − १६ + १२) ÷ १२ = १. दोघांची ऊर्जा एकच, म्हणून पातळीला मिळून २. १ काढणाऱ्याने एक भाग मोजला, २ काढणाऱ्याने दोन्ही. पडताळाही तसाच: ५ + १ + १ + ३×३ = १६. सी३ ग्रुपच्या ई ला हेच लागू. अमोनियासारखा रेणू सी३ मध्ये केला तर प्रत्येकी २, मिळून ४, आणि तो ४ उलटण्याच्या दोन्ही अर्ध्यांचा मिळून आहे.

अॅसिटिलीनला सगळीकडे १:३ लावू नका. दोन्ही कार्बन १२ असतील तर जैसे थे ४, अदलाबदल −२: सम ‘जे’ ला १, विषम ‘जे’ ला ३. दोन्ही कार्बन १३ असतील तर तेही फर्मिऑन, आणि रेणू फिरवला की हायड्रोजनांची जोडी आणि कार्बनांची जोडी एकाच वेळी बदलते. दोन वजा चिन्हं मिळून +. जैसे थे १६, अदलाबदल +४: सम ‘जे’ ला १०, विषम ‘जे’ ला ६. चढउतार तर उलटलाच, प्रमाणही फिकं झालं. एक कार्बन १२ आणि एक १३ असेल तर अदलाबदल ही सिमेट्रीची क्रियाच उरत नाही. हायड्रोजन दिसायला सारखे असले तरी एक १२ ला बांधलाय आणि दुसरा १३ ला. चढउतार नाही, हायड्रोजनांपुरतं सगळ्यांना ४, आणि कार्बन-१३ धरला तर ८.

याच कारणाने ऑक्सिजन-१६ च्या रेणूत निम्म्या फिरण्याच्या पातळ्या नसतात, पण एक अणू १८ चा झाला की सगळ्या येतात. जिऑक आणि जॉन्स्टन यांनी १९२९ मध्ये हवेतल्या ऑक्सिजनच्या पट्ट्यांमधल्या फिक्या रेषांवरूनच ऑक्सिजनचे जड आयसोटोप ओळखले. ऑक्सिजनमध्ये आणखी एक खोच आहे. स्पिन शून्य, बोसॉन, म्हणून सम पातळ्या राहतील असं शीट सांगतं, आणि प्रत्यक्षात विषम राहतात. तळाची इलेक्ट्रॉन-अवस्थाच अदलाबदलीखाली विषम आहे म्हणून. शीट सांगतं ते इलेक्ट्रॉन, कंपन आणि फिरणं या तिघांच्या गुणाकाराबद्दल. एकट्या फिरण्याबद्दल नव्हे. पाण्यातही असममित ताणाचं एक क्वांटम चढलं की ऑर्थो-पॅरा उलटतं, तेव्हा ‘केए + केसी’ सम असलेल्या पातळ्या ऑर्थो. कंपनाच्या पट्ट्यांचा तक्ता करताना खालच्या पातळीचा नियम वरच्या पातळीला चिकटवला की निम्म्या रेषा निषिद्ध दिसायला लागतात, आणि लोक शोधतात मात्र निवड-नियमातली चूक.

कार्बन डायऑक्साइडला तळाच्या अवस्थेत विषम ‘जे’ नाहीतच, म्हणून शेजारच्या रेषांमधलं अंतर २बी नसून ४बी असतं (‘बी’ म्हणजे फिरण्याचा स्थिरांक), सुमारे १.५६ प्रति सेंटिमीटर. ते २बी समजून चाललात तर कार्बन-ऑक्सिजन अंतर ११६ ऐवजी ८२ पिकोमीटर येईल. वर्णपट छान, फिट छान, उत्तर अशक्य.

आता तिसरी शंका. हायट्रान या वर्णरेषांच्या माहितीसंचातली पार्टिशन फंक्शनची (सगळ्या पातळ्यांच्या वजनदार बेरजेची) किंमत ही सर्वांत भरवशाची कसोटी. २९६ केल्विनला ऊष्मीय ऊर्जा २०५.७ प्रति सेंटिमीटर. ढोबळ सूत्र: (एकूण स्पिन-फंक्शनं ÷ सिमेट्री संख्या) गुणिले, पाय × ऊर्जेचा घन ÷ (ए×बी×सी) याचं वर्गमूळ. ए, बी, सी म्हणजे तीन अक्षांचे फिरण्याचे स्थिरांक, प्रति सेंटिमीटरमध्ये. सिमेट्री संख्या म्हणजे फिरवण्याच्या क्रियांची संख्या.

पाणी: ए, बी, सी = २७.८८, १४.५२, ९.२८. वर्गमूळ ८५.३, गुणिले ४÷२, म्हणजे १७१. हायट्रान १७४.६.
मिथेन: बी = ५.२४. वर्गमूळ ४३६, गुणिले १६÷१२, म्हणजे ५८१. हायट्रान ५९०.५.
अमोनिया: ९.९४, ९.९४, ६.२३. वर्गमूळ २११, गुणिले २४÷३, म्हणजे १६८६. हायट्रान १७२५.
कार्बन डायऑक्साइड सरळ रेणू, तिथे ऊर्जा ÷ बी गुणिले १÷२: २६४. हायट्रान २८६.१.

पहिल्या तिघांतला दोन-तीन टक्क्यांचा फरक कंपन आणि छोट्या क्वांटम दुरुस्त्यांचा. कार्बन डायऑक्साइडला जास्त, कारण त्याचं वाकण्याचं कंपन ६६७ ला, म्हणजे खालीच आहे. तुमची सगळी वजनं घालून पातळी-पातळीने केलेली बेरीज याच्या आसपास यायला हवी. मितीने दुसऱ्यांदा गुणलं असेल तर ती उघड फुगते.

अमोनियाकडे नीट बघा. २४ म्हणजे हायड्रोजनांचे ८ गुणिले नायट्रोजनचे ३, म्हणजे हायट्रान नायट्रोजन मोजतं. नायट्रोजनचा ३ सोडून केलेल्या यादीत हीच किंमत ५७५ असेल. एका यादीची वजनं आणि दुसरीचं पार्टिशन फंक्शन मिसळलं की रेषेची तीव्रता नेमकी तिप्पट किंवा एक-तृतीयांश येते. तीव्रतेत नेमक्या ३ चा, २ चा किंवा ४ चा घोळ दिसला की उपकरणाला दोष देण्याआधी हे तपासा.

तापमानाची धास्ती नको. मे महिन्यातल्या सोलापुरात ४३ अंश, म्हणजे ३१६ केल्विन असो की डिसेंबरची पहाट, समतोलात असलेल्या बाष्पाचं ऑर्थो-पॅरा प्रमाण ३ च. ते ५० केल्विनच्या वर गेलं की जवळपास ३ ला टेकतं. वजन पातळीचं असतं, तापमानाचं नाही.

नायट्रोजनचाही रकाना ठेवा: जैसे थे ९, अदलाबदल +३, म्हणून सम ६, विषम ३. रासेट्टी यांनी १९२९ मध्ये, रामन परिणाम सापडल्याच्या पुढच्याच वर्षी, नायट्रोजनच्या फिरण्याच्या रामन वर्णपटात सम रेषा ठळक असल्याचं दाखवलं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, एकूण २१ कण, म्हणजे फर्मिऑन असायला हवं होतं. रेषा म्हणत होत्या बोसॉन. १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडल्यावर ७ + ७ = १४ असा मेळ बसला. चिन्हाच्या एका रकान्याने केंद्रकाचं मॉडेल मोडीत काढलं, म्हणून तो रकाना भरताना घाई नको.

---

बाष्परेषा

पाण्याच्या जागा बदलल्या. इथिलीन केलं: तिन्ही सी२ मध्ये दोनाची दोन सायकलं, ४, चिन्ह +. ए ला (१६ + १२) ÷ ४ = ७, तिन्ही बी ला ३. पडताळा १६. सल्फर ट्रायऑक्साइडला मात्र ए१ १, ए२ ०, ई ० आलं. सहा क्रिया, सगळीकडे +१. म्हणजे ‘के’ ३ च्या पटीत नसलेल्या सगळ्याच पातळ्या गायब? हे जरा जास्तच वाटतंय.

---

जेकार्ड

बरोबर आलंय. ऑक्सिजन-१६ चं स्पिन शून्य, ई सिमेट्रीचं स्पिन-फंक्शनच अस्तित्वात नाही, मग ई पातळीला जोडीदार कुठून मिळणार? तळाच्या अवस्थेत ‘के’=० लाही फक्त सम ‘जे’ उरतात. तक्त्यात खाली एक टीप टाका: तीनपैकी एक ऑक्सिजन १८ चा असेल तर ग्रुप सी२ वर येतो, तिनाच्या पटीची अट जाते, आणि उरलेल्या दोन ऑक्सिजन-१६ मुळे ए ला १, बी ला ०, म्हणजे निम्म्या पातळ्या परत येतात.